जेएएल ९५७: आकाशात नसलेलं विमान

३१ जानेवारी २००१, दुपारचे ३ वाजून ५४ मिनिटं. टोकियोजवळ टोकोरोझावा इथल्या क्षेत्र नियंत्रण केंद्रात एका रडार पडद्यासमोर दोन कंट्रोलर बसले होते. हेडसेट लावून बोलणारा २६ वर्षांचा शिकाऊ, आणि शेजारी त्याची ३२ वर्षांची प्रशिक्षक. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते.

पहिलं जपान एअरलाइन्सचं ९०७. हे बोइंग ७४७ हानेदाहून साडेतीनच्या सुमारास निघालं होतं आणि ओकिनावातल्या नाहाला चाललं होतं. त्यात ४२७ माणसं होती. ते ३९,००० फुटांकडे चढत होतं आणि चढता चढता डावीकडे वळत होतं. दुसरं त्याच कंपनीचं ९५८, दक्षिण कोरियातल्या बुसानहून नारिताला येणारं डीसी-१०. त्यात २५० माणसं, आणि ते ३७,००० फुटांवर सरळ, स्थिर उडत होतं. या दोघांखेरीज आणखी १० विमानं शिकाऊच्या हातात होती. ९०७ ची चढण आणि ९५८ ची वाट यांची गाठ शिझुओका प्रांतातल्या याइझू शहराच्या वरच पडणार आहे, हे अलार्म वाजेपर्यंत दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

पडद्यावर टक्करीचा इशारा चमकला तेव्हा हातात जेमतेम एक मिनिट उरलं होतं. अशी यंत्रणा विमानाची सध्याची दिशा आणि गती पुढे वाढवून अंदाज बांधते. विमान वळणात असेल तर तो अंदाज हुकतो आणि इशारा उशिरा येतो. तरीही एक मिनिट हा या कामात अगदीच थोडा वेळ नाही. शिकाऊने उपाय ठरवला, आणि तो बरोबर होता: सरळ उडणाऱ्या ९५८ ला ३५,००० फुटांवर उतरवायचं आणि ९०७ ला चढू द्यायचं. त्या काळी तिथे २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फुटांचं उभं अंतर ठेवावं लागे. या उपायात तेच अंतर मिळणार होतं.

तोंडातून मात्र शब्द गेले ते "जपान एअर ९०७, ३५,००० फुटांवर उतरा" अशा अर्थाचे.

पुढचं सगळं त्या एका आकड्यातून निघालं. ९०७ उतरू लागलं. आठ-दहा सेकंदांत दोन्ही विमानांतली टक्कर टाळणारी यंत्रणा, टीकॅस, बोलू लागली. तिने ९०७ ला चढायला सांगितलं आणि ९५८ ला उतरायला. ९५८ च्या वैमानिकाने यंत्राचं ऐकलं आणि तो उतरू लागला. ९०७ च्या कॅप्टनने कंट्रोलरचं ऐकलं आणि तोही उतरतच राहिला. इकडे पडद्यावर ९५८ अजून ३७,००० वरच दिसतंय म्हणून शिकाऊने त्याला उजवीकडे वळायला सांगितलं. उत्तर आलं नाही. तेव्हा प्रशिक्षकाने संभाषण स्वतःकडे घेतलं आणि "जपान एअर ९५७" ला हाक मारली. त्या आकाशात ९५७ नावाचं विमानच नव्हतं.

शेवटच्या क्षणी ९०७ च्या कॅप्टनला समोरचं विमान अवाढव्य होत जाताना दिसलं आणि त्याने नाक झटक्यात खाली दाबलं. दोन्ही विमानं सुमारे १३५ मीटरवरून एकमेकांना ओलांडून गेली. ७४७ ची लांबी ७० मीटरच्या थोडी वर असते, म्हणजे त्याच्या दोन लांबींइतकंही अंतर नव्हतं. त्या झटक्याने पट्टा न बांधलेले प्रवासी आणि कर्मचारी छतावर आपटले, पेयांची ट्रॉलीही छताला जाऊन धडकली. एक मुलगा चार रांगा ओलांडून पडला. काहींना गरम पेयांनी भाजलं. ९ जणांना गंभीर आणि ९१ जणांना किरकोळ दुखापत झाली. जखमी झालेले सगळे ९०७ मधले. ते विमान हानेदाला परतलं. ९५८ ठरल्याप्रमाणे नारिताला उतरलं आणि त्यात कुणालाही खरचटलंसुद्धा नाही.

दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वात भीषण अपघात, १९७७ चा तेनेरिफेचा, त्यात ५८३ जण गेले होते. याइझूच्या वर काय घडता घडता राहिलं, ते एवढ्यावरून कळावं.

चुकलं ते नाव

या घटनेविषयी बोलताना "शिकाऊ कंट्रोलरची चूक" एवढ्यावर विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. ती चूक नेमकी कोणत्या कौशल्यातली होती, हे बघितल्याशिवाय त्यातून काही हाती लागत नाही.

कंट्रोलरच्या कामाचा गाभा म्हणजे त्याच्या डोक्यातलं चित्र. पडदा सपाट असतो, विमानं तीन मितींत असतात, आणि त्याला हवी असते ती चौथी मिती, म्हणजे काळ. हे विमान आत्ता इथे आहे, चार मिनिटांनी कुठे असेल? त्या वेळी दुसरं कोण तिथे येतंय? जगभर "चित्र" हाच शब्द वापरला जातो, आणि ते हातातून निसटलं की अनुभवी माणूसही हतबल होतो. ९५८ त्या शिकाऊच्या चित्रातून काही वेळ गळालं होतं, ही पहिली चूक. ती गंभीर होती, पण नवशिक्याकडून अपेक्षित असलेली होती. ती पकडायलाच शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

इशारा येताच चित्र परत जुळलं आणि उपायही योग्य सुचला. मग चुकलं काय? फक्त नाव. ज्या दोन विमानांची गाठ सोडवायची आहे, त्या दोघांचीही नावं अशा वेळी मनात जागी असतात. इथे दोन्ही एकाच कंपनीची होती, दोन्हींचा पहिला आकडा ९. घाईत जीभ त्यातलं भलतंच उचलते. घरात दोन मुलं असली की एकाला रागावताना दुसऱ्याचं नाव तोंडून जातं, त्याच जातीची ही चूक. आपण काय बोलायचं ठरवलं होतं ते बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे आपण भलतंच बोललो हे त्याचं त्याला सहसा ऐकूच येत नाही.

म्हणून "अधिक काळजीपूर्वक बोला" ही सूचना इथे कुचकामी आहे. अशी चूक बोलणाऱ्याने पकडायची नसते, ऐकणाऱ्याने पकडायची असते. आणि त्यासाठी एक पद्धत फार जुन्या काळापासून ठरलेली आहे.

परत म्हणून दाखवणं

कंट्रोलरने सूचना दिली की वैमानिक ती आपल्या कॉलसाइनसह, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासह, परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. याचा पहिला हेतू सगळ्यांना माहीत असतो: वैमानिकाने नीट ऐकलं की नाही, हे कळणं. दुसरा हेतू मात्र सहज विसरला जातो. आपण खरोखर काय बोललो, हे कंट्रोलरला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. रीडबॅक हा त्याच्यासमोर धरलेला आरसा असतो.

त्या दिवशी हा आरसा समोर धरला गेला होता. ९०७ ने स्वतःच्या नावासकट ३५,००० फुटांवर उतरत असल्याचं परत सांगितलं. चूक आता दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत, स्पष्ट उच्चारली गेली होती. ऐकणारी दोन माणसं हेडसेट लावून बसलेली. दोघांनाही ती ऐकू आली नाही.

या प्रकरणातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी जागा हीच. शिकाऊला ऐकू न येणं समजण्यासारखं आहे. त्याच्या मनात "९५८ खाली येतंय" हे ठरलेलं होतं आणि "३५,०००" हा अपेक्षित आकडा परत आला. कान अपेक्षित गोष्टीला पास करून मोकळे होतात. पण प्रशिक्षकाचं काय? ती तर बोलली नव्हती.

माझ्या समजुतीने उत्तर असं आहे: तीही त्याच क्षणी तीच गाठ सोडवत होती. इशारा चमकला, तिने पडदा पाहिला, अनुभवी डोळ्यांना तोच उपाय सुचला. ९५८ खाली, ९०७ वर. मग शेजाऱ्याच्या तोंडून "उतरा" आणि "३५,०००" हे शब्द आले. तिला हवं होतं तेच. तिने शिकाऊचा हेतू ओळखला आणि हेतूलाच मान्यता दिली. उच्चारलेले शब्द मागे राहिले. एका खुर्चीपाशी दोन माणसं होती, पण त्या क्षणापुरतं दोघांचं मन एकच होतं. तपासणारं दुसरं मन तिथे उरलंच नाही.

आपण संघभावना म्हणतो तेव्हा साधारणपणे एकमेकांना समजून घेणं, सूर जुळणं, एका दमात काम करणं असं काहीतरी मनात असतं. नियंत्रण कक्षात ते लागतंच. पण तिथे आणखी एक गोष्ट लागते, आणि ती जवळजवळ उलट आहे. एकाने करायचं आणि दुसऱ्याने, त्याला काय करायचंय हे बाजूला ठेवून, त्याने काय केलं तेवढंच बघायचं. जितके सूर जुळलेले, तितकं हे अवघड. चांगला जोडीदार अर्धं वाक्य ऐकून पुरतं समजतो, आणि इथे तेच घातक ठरतं.

शेजारी बसण्याची विद्या

कंट्रोलर घडतो तो आधी वर्गात, मग सिम्युलेटरवर, आणि शेवटी खऱ्या विमानांवर. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार क्षेत्र नियंत्रणाची पात्रता मिळवायला पात्र कंट्रोलरच्या देखरेखीखाली किमान १८० तास किंवा ३ महिने, यांतलं जे जास्त असेल तितका काळ प्रत्यक्ष काम करावं लागतं. हा किमान आकडा झाला. गजबजलेल्या केंद्रांत प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतं. शिवाय ही पात्रता त्या-त्या जागेपुरती असते. एका केंद्रात वीस वर्षं घालवलेला माणूसही दुसऱ्या केंद्रात गेला की तिथल्या सेक्टरसाठी, म्हणजे आकाशाच्या वाटून दिलेल्या भागासाठी, पुन्हा शिकाऊ होतो. त्यामुळे शिकाऊ आणि प्रशिक्षक अशी जोडी हे या व्यवसायातलं रोजचं दृश्य आहे.

या जोडीचा नियम कडक असतो. आवाज शिकाऊचा, जबाबदारी प्रशिक्षकाची. प्रशिक्षकाचा हेडसेट त्याच जोडणीत लावलेला असतो आणि त्याला कोणत्याही क्षणी संभाषण आपल्याकडे घेता येतं. कागदावर हे अगदी सुरक्षित दिसतं. प्रत्यक्षात प्रशिक्षकाच्या वाट्याला सततची ओढाताण येते. लवकर हात घातला तर शिकाऊ स्वतः गाठ सोडवायला कधीच शिकत नाही, आणि उशिरा घातला तर विमानं जवळ येतात. हा क्षण ओळखणं ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तम कंट्रोलर असणं आणि ही विद्या येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. तरी वर्षानुवर्षं अनेक ठिकाणी प्रशिक्षक निवडताना ज्येष्ठता किंवा कामातली सफाई एवढंच बघितलं जात असे.

उशिरा हात घालण्याची किंमत याइझूच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. ९५८ उतरत नाही असं पडद्यावर दिसत होतं. इतक्या लांब पल्ल्याचं रडार साधारण दहा सेकंदांत एक फेरी पुरी करतं, म्हणजे पडद्यावरची उंची क्षणभर जुनीच असते. कंट्रोलरच्या दृष्टीने "सांगितलं ते विमान ऐकत नाही" अशी परिस्थिती होती. त्यांनी सांगितलं होतं दुसऱ्यालाच, हे अजून ध्यानात यायचं होतं. वळण्याची सूचना ९५८ ला दिली गेली तेव्हा त्या कॉकपिटमध्ये टीकॅसचा आवाज घुमत होता आणि वैमानिक जीव वाचवण्याच्या घाईत होते. रेडिओवरचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

अशा स्थितीत प्रशिक्षकाने सूत्रं घेतली. तिच्याकडे काय होतं? चुकीचं गृहीतक, दहा सेकंद जुनी माहिती, उत्तर न देणारं एक विमान आणि संपत आलेला वेळ. तिच्या तोंडून ९५७ निघालं, त्यात ९०७ मधला शेवटचा ७ आहे आणि ९५८ मधला मधला ५ आहे. मनात जाग्या असलेल्या दोन नावांची जिभेवर सरमिसळ झाली, असं मी त्याचं वाचन करतो. अनुभव असलेल्या माणसाकडूनही तशीच चूक झाली, तीच जात, काही सेकंदांच्या अंतराने. एवढ्यावरून तरी हे शिकाऊपणाचं लक्षण नव्हतं हे मान्य व्हावं.

ज्यांचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं

खोलीत दोन माणसं होती, पण हा प्रसंग सोडवणारा संघ तेवढाच नव्हता. दोन कॉकपिटमधले वैमानिक त्यात होते आणि दोन यंत्रंही होती. टीकॅसची यंत्रं एकमेकांशी बोलतात. एकाने "वर" घेतलं की दुसरं "खाली" घेतं, म्हणजे दोघांचे सल्ले कधी एका दिशेचे होत नाहीत. ही व्यवस्था सुंदर आहे, पण दोघांनीही सल्ला पाळला तरच. आणि यंत्रांनी काय ठरवलं ते त्या वेळी कंट्रोलरच्या पडद्यावर दिसत नव्हतं. वैमानिकाने रेडिओवर सांगितलं तरच ते कळणार.

९०७ चा कॅप्टन यंत्राविरुद्ध का गेला, यावर सहज बोट ठेवता येतं, पण त्याच्या खुर्चीत बसून बघायला हवं. त्याने सूचनेप्रमाणे इंजिनांची ताकद कमी करून उतरायला सुरुवात केली होती. दुसरं विमान त्याला डोळ्यांनी दिसत होतं. इतक्या उंचीवर, ताकद उतरलेली असताना, एकदम चढायला घेणं धोक्याचं ठरेल असं त्याला वाटलं. कंट्रोलरने सांगितलंय म्हणजे दुसऱ्या विमानाची सोय त्यानेच केली असेल, हाही विचार साहजिक होता. आणि मुख्य म्हणजे कंट्रोलर एक सांगतोय आणि टीकॅस दुसरं, तर कुणाचं ऐकायचं, याबद्दलचे आंतरराष्ट्रीय नियम तेव्हा निःसंदिग्ध नव्हते.

या प्रश्नाची किंमत सतरा महिन्यांनी मोजली गेली. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या आकाशात रशियाचं प्रवासी तुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग ७५७ एकमेकांवर आदळली. ७१ जण गेले, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं होती. कंट्रोलरने तुपोलेव्हला उतरायला सांगितलं, टीकॅसने चढायला, आणि वैमानिक उतरला. मालवाहू विमान टीकॅसच्या सांगण्यावरून उतरतच होतं. ते आकाश सांभाळणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या कक्षात त्या रात्री एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, दुरुस्तीमुळे दूरध्वनीची मुख्य व्यवस्था बंद, आणि शेजारच्या कार्ल्सरुहच्या केंद्राला धोका दिसूनही झुरिकशी संपर्क होत नव्हता. टोकोरोझावात दोन माणसं असून दुसरी नजर नव्हती. झुरिकमध्ये दुसरं माणूसच नव्हतं.

याइझूचा जपानी तपास अहवाल त्याच जुलैमध्ये, उबरलिंगेननंतर थोड्या दिवसांनी प्रसिद्ध झाला. ही तारीख वाचताना दर वेळी गलबलून येतं. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाले: टीकॅसचा सल्ला आणि कंट्रोलरची सूचना यांत विरोध असेल तर वैमानिकाने टीकॅसचंच ऐकायचं. वैमानिकाने तसं कळवलं की कंट्रोलरने त्या विमानाला, धोका टळल्याचं तो सांगेपर्यंत, वाट किंवा उंची बदलायला सांगायचं नाही. पुढे टीकॅसच्या ७.१ या आवृत्तीत, एक विमान सल्ल्याच्या उलट जात असल्याचं दिसलं तर दुसऱ्याचा सल्ला फिरवण्याची तजवीज सुधारण्यात आली.

कंट्रोलरसाठी हा नियम पाळायला सोपा नाही. ज्याचं सगळं शिक्षण "बोला आणि सोडवा" या दिशेने झालंय, त्याने सर्वात भीतीच्या क्षणी गप्प बसायचं. म्हणून हे सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं.

न्यायालयात

प्रकरण इथे थांबलं नाही. दोन्ही कंट्रोलरवर व्यावसायिक निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालला. २००६ च्या मार्चमध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. २००८ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शिकाऊला एक वर्षाची आणि प्रशिक्षकाला दीड वर्षाची शिक्षा झाली, दोन्ही तीन वर्षांसाठी स्थगित. २६ ऑक्टोबर २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. पाच न्यायमूर्तींपैकी एकीचं मत वेगळं होतं. घटनेला तोवर जवळजवळ दहा वर्षं होत आली होती.

प्रशिक्षकाला जास्त शिक्षा होणं हे "आवाज शिकाऊचा, जबाबदारी प्रशिक्षकाची" या नियमाला धरूनच आहे. १०० जखमींचं दुःख लहान नाही आणि त्यांना उत्तर मिळायलाच हवं. पण या निकालाने मी अस्वस्थ होतो, कारण या व्यवसायाची सुरक्षा कशावर उभी आहे हे मला दिसतं. जिभेवरून भलतं नाव गेलं आणि ते वेळेत सावरलं, अशी घटना बाहेर कुणाला कधीच कळत नाही, ज्याच्याकडून घडली त्याने स्वतःहून सांगितली तरच कळते. अमेरिकेत १९७६ पासून नासा अशा गोपनीय नोंदी स्वीकारते, त्या याच समजुतीतून. अपघात तपासाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणं नाही, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्या कबुलीचा शेवट कुठे होऊ शकतो हे ज्याने एकदा पाहिलं, तो पुढच्या वेळी सांगेल का? आणि ज्यांना प्रशिक्षक व्हायला सांगितलं जाईल त्यांच्यातले किती जण आनंदाने हो म्हणतील?

खोलीत काय करता येईल

यांतल्या काही गोष्टी आज अनेक ठिकाणी होतात. प्रशिक्षक होण्याआधी वेगळा अभ्यासक्रम असतो, त्यात हात कधी घालायचा याचा सराव येतो. सारख्या वाटणाऱ्या नावांची विमानं एका वेळी एका सेक्टरमध्ये येऊ नयेत म्हणून कंपन्या वेळापत्रकातच आकडे बदलतात, आणि तशी दोन एकत्र आलीच तर कंट्रोलर दोन्ही वैमानिकांना आधी सावध करतो. सेक्टरमध्ये बोलणारा आणि नियोजन करणारा असे दोघे असतील तर नियोजन करणाऱ्याने पुढची गाठ आधीच हेरून ठेवायची असते. शिकाऊ खुर्चीत असताना गर्दी वाढली की सेक्टर विभागणं किंवा शिकवणं थांबवणं, हा निर्णय प्रशिक्षकावर एकट्यावर न सोडता पर्यवेक्षकाने घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. शिकवण्यात गुंतलेल्याला गर्दी सर्वात शेवटी जाणवते.

पण या सगळ्यापेक्षा एक छोटा सराव मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. प्रशिक्षकांच्या वर्गात अशा संभाषणाची टेप लावावी. समोर पडदा द्यावा, त्यावर दोन्ही ठिपके आणि लाल इशारा दाखवावा, म्हणजे उपाय कुणालाही सुचेल. शिकाऊचं वाक्य येऊ द्यावं, वैमानिकाचं परत म्हणणं येऊ द्यावं, आणि तिथेच टेप थांबवावी. मग पडदा झाकून एकच प्रश्न विचारावा: आत्ता कोण खाली येतंय?